सीलबंद विमान

विमानाचा भाव पुन्हा चढला, हे टेलरबाईंना नवऱ्याच्या तोंडावरूनच कळलं. चहाचा कप हातात, मोबाइल गुडघ्यावर आणि चेहरा असा उतरलेला की नात्यात कुणी गेलं असावं. आता घरातल्या वस्तूचा भाव चढला तर माणसाने खूश व्हावं की नाही? पण या माणसाचं सगळंच उलटं. पूर्वी भाव चढला की शीळ घालत दाढी करायचे, हल्ली भाव चढला की घास घशाखाली उतरत नसे. बाईंनी त्याचा अर्थ लावायचा नाद केव्हाच सोडला होता. नवऱ्याच्या प्रत्येक सुस्काऱ्याचा अर्थ लावत बसायचं तर संसार कधी करायचा?

त्यांनी एवढंच विचारलं की आता तरी विकणार का. कॅप्टन म्हणाले, आत्ता नको, अजून चढेल. झालं. हे ‘अजून चढेल’ ऐकत ऐकत घरातली मुलगी लहानाची मोठी झाली आणि लग्न होऊन गेलीसुद्धा.

कॅप्टन म्हणजे काही विमानाचे कॅप्टन नव्हेत. उभा जन्म बस डेपोत टाइमकीपर म्हणून गेला. कुठली गाडी वेळेवर सुटली, कुठली उशिरा आली याची नोंद ठेवायची आणि ड्रायव्हर लोकांच्या शिव्या खायच्या, एवढंच काम. विमानात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. ठेवणारही नव्हते, कारण बल्ब बदलायला स्टुलावर चढले तरी बाईंना खालून पाय धरून उभं राहावं लागायचं. पण विमानांचं वेड असलं जबर की सख्ख्या बहिणीनेच टिंगलीने कॅप्टन म्हणायला सुरुवात केली आणि गल्लीने ते नाव उचललं. रिटायर झाल्यावर टाइमकीपर कुणाच्या लक्षातही राहिला नाही, कॅप्टन तेवढे उरले.

ही खेळणी नव्हेत हं, असं ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत बजावायचे. ही डायकास्ट विमानं. ओतीव धातूची, हाताला वजन लागेल अशी, खऱ्या विमानाची हुबेहूब नक्कल, शेपटीवरच्या नंबरासकट. कारखाना ठरावीक नग काढतो आणि साचा बंद करतो, म्हणून जसजसं जुनं होतं तसतसा भाव चढतो. आणि भाव टिकवायचा तर नियम एकच, खोकं उघडायचं नाही. झाकणाच्या कडेला नखाएवढं गोल पारदर्शक सील असतं. ते शाबूत असेल तर पुरा भाव, फाटलं की निम्म्याच्याही खाली. म्हणजे गंमत बघा, घरात खोलीभर विमानं आणि घरातल्या एकाही माणसाने त्यातलं एकही विमान डोळ्यांनी पाहिलेलं नाही. खोक्यावरचं चित्र बघायचं आणि आत आहे असं धरून चालायचं. मुलगी लहान असताना एकदा हट्टाला पेटली, तेव्हा तिला एक खोकं दोन्ही हातांनी धरायला मिळालं होतं, तेही पलंगावर बसून, मांडीवर उशी घेऊन.

नणंदेला यात काही वावगं वाटत नसे. माझा भाऊ पीत नाही, पत्ते कुटत नाही, विमानं ठेवतो, तर त्यात तुझं काय जातं, असं ती विचारायची.

“खोली जाते,” बाई म्हणायच्या.

आणि ते खरंच होतं. मागची खोली घरातली सगळ्यात मोठी. रुंद खिडकी, ऊन थेट आत येत नाही, पण दिवसभर सारखा स्वच्छ उजेड. टेलरला आणखी काय लागतं? पण ऊन येत नाही म्हणून खोक्यांचा रंग उडत नाही, आणि खोक्यांचा रंग उडत नाही म्हणून ती खोली विमानांची. भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी रॅक, रॅकवर खोकी आणि खिडकीला वर आणखी जाड पडदा. बाईंचं मशीन कुठे, तर स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्या मधल्या बोळकांडीत. कुणाला बाथरूमला जायचं झालं की बाईंनी उठायचं, स्टूल आत सरकवायचं, भिंतीला चिकटून उभं राहायचं. भर दिवसा दिवा लावून सुईत दोरा ओवायचा.

बरं, बाई काही हौसेपुरतं शिवणाऱ्या नव्हत्या. लग्नाआधी त्या कोटांच्या एका बड्या दुकानात कटिंगच्या टेबलावर होत्या, सगळ्या पुरुष कारागिरांत एकटी बाई. कोट कापायला कंबरेएवढं उंच, लांब, सपाट टेबल लागतं, कापड कुठे लोंबता कामा नये. घरी पलंगावर कापायचं तर गादी दबते, कापडाला झोल येतो, खडूची रेघ नाही म्हटलं तरी वाकडी जाते. पलंगावर कापलेल्या अशाच एका कोटाचा डावा खांदा उतरला. गिऱ्हाइकाने आरशासमोर उभं राहून तो दोनदा वर ओढला, काही न बोलता पैसे ठेवले आणि निघून गेला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून बाईंनी कोट घेणंच बंद केलं. मग गाऊन गेले, पडदे गेले, मोठं कापड म्हणून जे काही होतं ते सगळं गेलं. उरलं काय, तर पँटची उंची कमी करा, कंबर सैल करा, चेन बदला. चेन बदलून बदलून जीव मेटाकुटीला आला होता.

खोली कधी रिकामी होणार, याचं उत्तर एकाच खोक्यात होतं. निळ्या शेपटीचं, चार इंजिनांचं मोठं विमान. ज्या कंपनीची ही खरी विमानं होती ती कंपनी बुडाली, आणि ती बुडाल्याबरोबर या नकलेचा भाव जो वर गेला तो खाली यायचं नाव घेईना. कॅप्टनांनी शब्द दिला होता की हे एक चांगल्या भावाला गेलं की बाकीची किरकोळीत काढून टाकू, मग खोली तुझी, टेबलही मीच करून आणतो. शब्द दिला तेव्हा बाईंचे केस काळे होते. भाव दुप्पट झाला की विकू म्हणाले. दुप्पट झाला. मग म्हणाले, या भावात विकेल तो मूर्ख. त्याच्याही दुप्पट झाला, तेव्हा म्हणाले, कळ काढ जरा. बाईंनी किती काढायची कळ? पोटात बाळ असतानासुद्धा एवढी काढली नव्हती.

अशात ती हॉटेलची ऑर्डर आली.

डेपोच्या पलीकडे एक नवं हॉटेल झालं होतं. तिथला मॅनेजर कोटाचं फाटलेलं अस्तर बदलून घ्यायला बाईंकडे आला. बाईंनी अस्तर तर बदललंच, पण कॉलर मानेपासून सुटत होती, तीही न सांगता बसवून दिली. कोट अंगात घातला आणि तो माणूस बोळकांडीतच थबकला. मान इकडे फिरव, तिकडे फिरव. मग म्हणाला, आमच्या सगळ्या स्टाफचे कोट शिवायचेत, दारावरच्या माणसापासून काउंटरवरच्या मुलींपर्यंत, आणि दर वर्षी नवे. तुम्ही घ्याल का? फक्त ट्रायलला माणसं येतील, त्यांना उभं राहायला जागा हवी. सोमवारपर्यंत सांगा.

बाईंचे पाय जमिनीला लागेनात. दर वर्षी कोट! कॅनव्हास, अस्तर, खांद्याचे पॅड, काजं, सगळं विसरलेलं बोटांत परत वळवळायला लागलं. कॅप्टन फिरायला गेल्यावर त्या मागच्या खोलीत जाऊन टेप लावून आल्या. टेबल खिडकीला समांतर, मशीन डावीकडे, आरसा दाराच्या मागे. सगळं मनात मांडून झालं आणि मग त्यांनी नवऱ्याला गाठलं. विमान विकू नका, त्या म्हणाल्या, हवं तर जन्मभर छातीशी धरून बसा, पण खोकी तेवढी खोलीतून हलवा. निम्मी पलंगाखाली जातील, निम्मी तुमच्या बहिणीकडे ठेवू.

कॅप्टनांच्या तोंडचं पाणी पळालं. पलंगाखाली धूळ असते म्हणाले. बहिणीच्या घराला ओल आहे म्हणाले. खोक्यांचे कोपरे दबतील, सगळा माल मातीमोल होईल म्हणाले. बाई ऐकेनात तेव्हा ते त्यांच्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. असला प्रकार या घरात कित्येक वर्षांत घडला नव्हता. म्हणाले, अगं, खोलीत कोण कोट शिवून घेतं? दुकान पाहिजे दुकान. मोठ्या रस्त्यावर, वर तुझ्या नावाची पाटी. एक वर्ष थांब. निळ्या शेपटीचा भाव आता जो पळतोय, वर्षभरात दुकानाची पागडी निघते की नाही बघ. असली हॉटेलं मग छप्पन्न येतील.

बाई फशी पडल्या. खोलीसाठी भांडायची त्यांना सवय होती, पण दुकान कुणी कधी देऊ केलं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय बोलायचं हे त्यांना सुचलंच नाही. पाटी डोळ्यांसमोर आली आणि घात झाला. सोमवारी त्यांनी मॅनेजरला फोन केला आणि जागेची अडचण आहे, नाही जमणार, असं सांगितलं. तो म्हणाला, वाईट वाटलं. बाई म्हणाल्या, मलाही. कॅप्टन शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतः उठून चहा केला.

पुढे काही दिवसांनी बाई दोरा आणायला चौकात गेल्या, तर तिथल्या मोठ्या टेलरच्या काचेतून मरून रंगाचं कापड दिसलं. टेबलभर पसरलेलं, आणि एका तयार कोटाच्या खिशावर हॉटेलचं नाव भरलेलं. कारागीर गप्पा मारत कापत होता, कापडाचा उभा-आडवा धागासुद्धा बघत नव्हता. बाईंना वाटलं आत जावं आणि त्याच्या हातातली कात्री काढून घ्यावी. पण कुठल्या तोंडाने जाणार? ‘नाही’ असं आपणच तर म्हणालो होतो. दोरा घ्यायचा राहिला आणि त्या तशाच घरी आल्या. ‘वर्षभर थांबायचं’ असं त्या रस्ताभर स्वतःला बजावत होत्या आणि प्रत्येक वेळी जास्तच चिडत होत्या.

आणि मग तो दातांचा डॉक्टर आला. चौकाच्या अलीकडे त्याचा दवाखाना. तरुण, मितभाषी माणूस, दोन पांढऱ्या कोटांच्या बाह्या आखूड करायला टाकून गेला होता, ते न्यायला आला. कॅप्टन घरात नव्हते आणि मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं. पैसे काढायला त्याने खिशात हात घातला आणि नजर आत गेली, तर हात खिशातच राहिला. काही वेळाने त्याने चाचरत विचारलं की यात ते निळ्या शेपटीचं, चार इंजिनांचं आहे का.

आहे की, बाई म्हणाल्या, सीलबंद.

डॉक्टरने एक आकडा सांगितला. बाईंनी मशीनचा काठ धरला. कॅप्टन वर्षभराने जो भाव येईल म्हणत होते, त्याच्याही वरचा आकडा होता तो, आणि हा शहाणा माणूस तो आज द्यायला तयार होता. बाईंनी त्याला रविवारी सकाळी यायला सांगितलं. नवऱ्याला मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. सांगितलं असतं तर रविवारी सकाळी नेमकं त्यांच्या पोटात दुखलं असतं.

रविवारी डॉक्टर वेळेवर हजर झाला. येताना त्याने पातळ सुती हातमोजेसुद्धा आणले होते. बाईंनी दार उघडून मोठ्या तोऱ्यात नवऱ्याला हाक मारली, हे तुमचं विमान बघायला आलेत म्हणाल्या, आणि भावही सांगून टाकला. कॅप्टन दाढीच्या साबणासकट बाहेर आले होते. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं ते पुसतच राहिले. मग सुरू झालं. विकायचा विचार नाही. म्हणजे आहे, पण आत्ता नाही. किल्ली सापडत नाही. रॅकवरून काढायचं तर गुडघा दुखतोय. बाईंनी सरळ स्टूल ओढलं, वर चढल्या आणि खोकं काढून डॉक्टरच्या हातात दिलं. कॅप्टन पुढे झाले आणि तिथेच थांबले. बाईंचा संताप संताप होत होता. लक्ष्मी दारात उभी आणि हा माणूस गुडघा चोळतोय!

डॉक्टरने आधी सील पाहिलं, मग चारी कोपरे पाहिले. सगळं ठीक. मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. खोकं कानाशी नेलं, डोळे मिटले आणि ते अगदी सावकाश एका बाजूला कलतं केलं. या लोकांची ती रीतच आहे, बाईंना पुढे कळलं. उघडता तर येत नाही, मग माल तपासायचा कसा? कानाने.

खोली इतकी शांत होती की ते बाईंनाही ऐकू आलं. बशीतून साखर सरकावी तशी बारीक सरसर, आणि मग आत काहीतरी घरंगळत येऊन कडेला आपटलं. डॉक्टरने खोकं दुसऱ्या बाजूला कलतं केलं. तसंच, सरसर आणि मग ठक. त्याने ते फार हळू रॅकवर ठेवलं, हातमोजे काढले आणि कॅप्टनांकडे पाहिलं. कॅप्टन खिडकीच्या पडद्याकडे बघत होते. डॉक्टर म्हणाला, विचार करून कळवतो.

बाई त्याला सोडायला दारापर्यंत गेल्या, नवऱ्याच्या तिरसटपणाबद्दल माफी मागायला. तर तोच ओशाळलेला. “बाई, ते आतून गेलंय,” तो म्हणाला. “तुम्हाला ठाऊक नव्हतं का?”

मग त्याने उभ्या उभ्या समजावलं. त्या कारखान्याने हे विमान ओतलं तेव्हा धातूत काहीतरी हिणकस मिसळलं गेलं. असला धातू वरून चांगला दिसतो, आतून वर्षानुवर्षं फुगत, तडकत जातो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. त्यावर औषध नाही. खूप जणांची गेली. आणि जसजशी जातात तसतशी उरलेली चांगली विमानं दुर्मीळ होतात, म्हणून तर भाव असा चढतोय. चांगलं असतं तर मी आजच पैसे मोजले असते, म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

बाई तिथेच उंबऱ्यात उभ्या राहिल्या. दुसऱ्याची विमानं सडतात म्हणून भाव चढतो. भाव चढला की आपल्या माणसाचा चेहरा पडतो. हे दोन धागे जुळायला कितीसा वेळ लागणार? जन्मभर धागेच जुळवले होते त्यांनी.

बाई मशीनच्या खणातून उसवायचं ब्लेड घेऊन मागच्या खोलीत आल्या. खोकं खाली ठेवलं आणि ब्लेड सिलाशी नेलं.

“सील फाडू नकोस,” कॅप्टन घाईघाईने म्हणाले. “आतलं जाऊ दे, पण नुसत्या खोक्यालाही भाव आहे गं.”

या माणसाला आता हसावं की रडावं, हे बाईंना कळेना. त्यांनी सील कापलं. झाकण निघालं. थर्मोकोलच्या खाचेत विमान होतं, म्हणजे जे उरलं होतं ते. एक पंख मुळापासून तुटून बाजूला पडला होता. धडावर अंगभर भेगा, पांढरा रंग पोपडे धरून सुटलेला, पोटातून करडी भुकटी सांडलेली. दोन इंजिनं सुटून फिरत होती, तीच ठक करून आपटत होती. शेपटी तेवढी शाबूत होती, निळीभोर. बाईंनी ती चिमटीत धरून उचलली तर तीही मधोमध तुटली आणि बोटांना भुकटी लागली.

हे कधीपासून, त्यांनी विचारलं. कॅप्टन म्हणाले, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधीपासून. धूळ पुसायला काढलं तेव्हा आवाज आला. आधी वाटलं आपल्याला भास झाला. मग दर काही महिन्यांनी हलवून बघायचो, आवाज वाढलेलाच असायचा. मग हलवणंच सोडलं. त्या कारखान्याची आणखी आहेत रॅकवर, त्यांतल्याही काहींतून येतो आवाज.

गुडघ्याचं ऑपरेशन! बाईंनी मनात मागे जाऊन पाहिलं. त्यानंतर मुलीच्या नणंदेच्या लग्नातले कोट त्यांनी नाकारले होते. त्यानंतर बोळकांडीत पाय अडखळून त्यांचं मनगट मुरगळलं होतं. त्यानंतर किती वेळा भांडण झालं होतं, किती वेळा हा माणूस ‘अजून चढेल’ म्हणाला होता, आणि दर वेळी त्यांनी पडतं घेतलं होतं, कारण त्यांना वाटत होतं की भांडण विमान आज विकायचं की उद्या, एवढ्याचंच आहे.

“हॉटेलचा माणूस आला तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं.”

कॅप्टन झाकण उचलून खोक्यावर परत बसवू लागले.

“मी फोनवर नाही म्हणत होते तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात. दुकानाचा विषय तुम्ही काढलात, मी दुकान नव्हतं मागितलं. मी खोली मागत होते. ही खोली. भुकटी ठेवलेली.”

“खोली दिली असती तर खोकी हलवावी लागली असती,” कॅप्टन म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. “हलवली असती तर तुला ऐकू आलं असतं.”

“मग आलं असतं!”

“बाकी काय होतं माझ्याकडे तुला दाखवायला?” ते म्हणाले.

बाईंना त्या क्षणी नवऱ्याची दया आली, आणि दया आली म्हणून त्यांचा आणखीच तिळपापड झाला. निवांतपणे रागवायचीही सोय ठेवली नव्हती या माणसाने. विमान फुटलं म्हणून त्या चिडल्या असत्या, चार दिवस तोंड फिरवून राहिल्या असत्या आणि पाचव्या दिवशी टेबल करायला सुताराकडे गेल्या असत्या. पैशाचं काय, पैसा कधी हातात आलाच नव्हता, मग गेला कसा म्हणायचा? पण कोट हातात आले होते. ते मरून कापड त्यांच्या खडूखाली यायचं होतं. आणि या माणसाने खुर्चीत बसून ते जाऊ दिलं आणि वर चहा केला.

त्यांनी रॅकवरची खोकी उतरवायला सुरुवात केली. कॅप्टन म्हणाले, अगं, जरा हळू. मग त्यांचं त्यांनाच कळलं असावं, ते खोकी घेऊन पलंगाखाली सारू लागले. धूळ होती, पण त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. पलंगाखाली मावेनात तेव्हा पलंगावर रचली. काही खोक्यांतून आवाज येत होता, काहींतून नव्हता, आणि दोघांनीही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुपार झाली तेव्हा रॅक रिकामे झाले होते. बाईंनी खिडकीचा पडदा ओढून काढला.

मग राहिलं मशीन. बिडाचा जुना स्टँड, एकट्या माणसाला हलायचा नाही. बाईंनी तरी एकटीने ओढून पाहिलं, दोनदा, तिसऱ्यांदा. स्टँड फरशीवर किंचित करकरला आणि बोळकांडीच्या तोंडाशी अडकला. कॅप्टन मागे येऊन उभे राहिले. सोडा, बाई म्हणाल्या. ते मागे सरले. बाईंनी पुन्हा ओढलं, पण हलेना. शेवटी त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, धरा त्या बाजूने.

दोघांनी मिळून मशीन उचललं. पाय सांभाळा, डावीकडे घ्या, चौकट लागेल, ठेवा आता, एवढंच काय ते बोलणं झालं. मशीन खिडकीपाशी ठेवलं. कॅप्टन धापा टाकत दाराशी थांबले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण बाईंनी वर पाहिलं नाही तेव्हा ते निघून गेले.

बाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. त्यांना हवा होता तसाच उजेड होता तो, सगळीकडून सारखा, कापडावर स्वतःच्या हाताचीसुद्धा सावली पडत नव्हती. जुन्या सवयीने त्यांनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. पहिल्याच खेपेला सुईत दोरा गेला. समोर एवढी मोठी मोकळी जागा, लांब टेबल मावेल अशी, पाच-सहा माणसं ट्रायलला उभी राहतील अशी. बाईंनी आज द्यायच्या कामाची पिशवी उघडली. आत एक पँट होती, चेन बदलायची.